होरायझन झीरो डॉनमधले ग्रीक देव: नुसती नावं की खरंच गोष्ट?

प्रश्न असा आलाय की होरायझन झीरो डॉनमध्ये गाया, हेडीस, हेफेस्टस, अपोलो अशी नावं भरलीयेत ती फक्त भारी वाटावीत म्हणून, की ग्रीक मिथकांशी खरंच काही संबंध आहे? आणि पुढचा प्रश्न, ग्रीकांचा हेडीस मुळात दुष्ट नाहीच, मग गेमने त्याला व्हिलन का केलं? आणि दुसऱ्या भागातल्या नेमेसिसचं काय?

आधीच सांगते, खाली दोन्ही गेमचे शेवट फुटणारेत, खेळून झालं नसेल तर आत्ताच थांबा. मी गेम्ससाठी कथा आणि संवाद लिहिते, बरीच वर्षं हेच काम आहे, आणि ग्रीक मिथकं हा त्याच्याही आधीपासूनचा नाद (मूळ ग्रीक येत नाही, भाषांतरंच वाचलीयेत, तेवढं लक्षात असू द्या). थोडक्यात उत्तर हवं असेल तर, नावं कामाप्रमाणे वाटलीयेत हा सगळ्यात वरचा थर आहे आणि तो सगळ्यात कमी इंटरेस्टिंग आहे. खाली जी गोष्ट चाललीये ती बऱ्यापैकी हेसिअड या जुन्या ग्रीक कवीची आहे, आणि ती कळायला एक प्रश्न विचारायचा, की या सगळ्यात देवांचा राजा झ्यूस कुठे गेला?

ज्यांनी खेळलेला नाही पण तरी वाचतायत त्यांच्यासाठी पटकन. गेम ॲम्स्टरडॅमच्या गुरिला गेम्सचा, २०१७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, पीसीवर २०२० मध्ये. गोष्ट घडते एकतिसाव्या शतकात, माणसं टोळ्या करून राहतायत, धनुष्यबाण वापरतायत, आणि रानात यंत्रांची जनावरं फिरतायत. झालेलं असं की २०६४ मध्ये टेड फॅरो नावाच्या उद्योगपतीच्या कंपनीचे लढाऊ रोबॉट ताब्याबाहेर गेले. हे रोबॉट इंधन म्हणून झाडं, प्राणी, माणसं, जे जिवंत असेल ते खातात आणि स्वतःसारखेच आणखी बनवतात, त्यांचे कोड फोडायला दशकं लागणार आणि पृथ्वीकडे उरलंय जेमतेम सव्वा वर्ष. मग एलिझाबेट सोबेक ही शास्त्रज्ञ ठरवते की ही पृथ्वी तर वाचत नाही, पण ती मेल्यानंतर तिला पुन्हा उभं करणारी एक एआय बनवून ठेवता येईल. ती एआय म्हणजे गाया, आणि तिच्या हाताखाली नऊ उपयंत्रणा: मिनर्व्हा कोड फोडणार, हेफेस्टस यंत्रं घडवणार, ईथर हवा साफ करणार, पोसायडन पाणी, डिमीटर झाडंझुडपं, आर्टेमिस प्राणी, एल्युथिया माणसं जन्माला घालणार, अपोलो त्यांना शिकवणार, आणि हेडीस... त्याच्यावर येतेच.

आता लेखकाच्या बाजूने बघा. खेळणाऱ्याला नऊ वेगवेगळ्या सिस्टीम लक्षात ठेवायला लावायच्यात, तेही मध्येच सापडणाऱ्या ऑडिओ फाइल्समधून, मागे कोणीतरी बाण मारतंय अशा अवस्थेत. उपयंत्रणा क्रमांक चार असं काही लिहिलं असतं तर कोणाच्या डोक्यात राहिलं नसतं. पोसायडन म्हटलं की पाणी, संपलं, समजावून सांगायचे तीन सीन वाचले. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, आपल्याकडच्या पिच डेकमध्येही प्रोजेक्ट इंद्र आणि प्रोजेक्ट गरुड यांचा सुकाळ असतो आणि दहातल्या नऊ वेळा नाव बदललं तरी कथेला ढिम्म फरक पडत नाही. माझी कसोटी तीच असते, नाव बदलून बघायचं. पोसायडन आणि ईथर या दोघांची नावं बदलली तर या गेमलाही फरक पडत नाही, ती खरंच लेबलं आहेत. मिनर्व्हा तर रोमन नाव, बाकी सगळे ग्रीक असताना ही एकटी रोमन, तिथे अथीना असती तरी चाललं असतं.

अजून एक गंमत नावांच्याच बाबतीतली. जग बुडवणारी बाजू सगळी इजिप्शियन आहे. फॅरो म्हणजे उघड उघड फेरो, इजिप्तचा राजा, त्याच्या रोबॉटची नावं स्कॅरॅब, खोपेश, होरस, त्याने स्वतःसाठी बांधलेल्या बंकरचं नाव थीब्ज. आणि जग पुन्हा उभारणारी बाजू ग्रीक. ही वाटणी इतकी नीट आहे की योगायोग म्हणवत नाही. फक्त सोबेकचं आडनाव मगरीच्या तोंडाच्या इजिप्शियन देवासारखं ऐकू येतं, आणि ती आधी फॅरोच्याच कंपनीत होती, त्यामुळे मला तरी ते आवडतं. थीब्जची मजा अशी की त्या नावाचं शहर इजिप्तमध्येही आहे आणि ग्रीसमध्येही, आणि ग्रीसमधलं थीब्ज म्हणजे ईडिपसचं गाव, जिथे राजा शोधत बसतो की हा शाप कोणामुळे आला आणि उत्तर तो स्वतःच असतो. फॅरोसाठी याहून फिट पत्ता नाही.

हेफेस्टसपासून खरा माल सुरू होतो. लोकांना तो लोहार म्हणून माहीत असतो, तलवारी बिलवारी बनवणारा, पण होमरच्या इलियड या महाकाव्याच्या अठराव्या सर्गात योद्धा अकिलीसची आई थेटिस त्याच्याकडे जाते तेव्हा तो काय करत असतो बघा: वीस तिपाया बनवत असतो, त्यांना सोन्याची चाकं, त्या आपल्या आपण देवांच्या सभेत जातात आणि आपल्या आपण घरी परत येतात. त्याला चालताना आधार देणाऱ्या दासी सोन्याच्या आहेत, त्यांना बुद्धी आहे, वाचा आहे. हे होमर आहे, म्हणजे अडीच हजार वर्षांपेक्षा जुनं, आणि त्यात ऑटोमेशन आहे. आणि त्याच सर्गात तोच हेफेस्टस त्याच भट्टीवर अकिलीसची ढाल आणि चिलखत बनवतो, जे घालून अकिलीस पुढे नदी प्रेतांनी तुंबवतो. भट्टी एकच, त्यातून घरकामाची यंत्रंही निघतात आणि युद्धाचं सामानही, मागणारा कोण त्यावर ठरतं.

गेममधल्या हेफेस्टसचं अगदी हेच होतं. त्याचे कारखाने डोंगरात असतात, त्यांना कॉल्ड्रन म्हणतात, पहिल्या गेममध्ये त्यांची नावं सिग्मा, ऱ्हो, झाय, झेटा, म्हणजे तिथेही ग्रीक अक्षरं. त्यातून निघणारी यंत्रं मुळात जमीन, पाणी, हवा सुधारायला केलेली, चरणारी, खणणारी, शांत. मग तो गायापासून तुटतो, त्याला दिसतं की माणसं माझी यंत्रं मारून त्यांचे पार्ट काढतायत, आणि तो सॉटूथ, थंडरजॉ असली हिंस्र यंत्रं पाडायला लागतो. वाईट वागतोय असं त्याला वाटतच नाही, तो आपला माल वाचवतोय.

आणि टॅलोस. क्रीट बेटाची राखण करणारा ब्राँझचा राक्षस, एका परंपरेनुसार हेफेस्टसने तिथल्या मिनॉस राजाला दिलेला, दिवसातून तीन वेळा बेटाला फेरी मारायचा आणि परक्या जहाजांवर दगड फेकायचा. त्याच्या अंगात मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर, तिच्यात देवांचं रक्त, आणि घोट्याशी ती बंद केलेली. मिडिया या जादूगारणीने ती जागा बरोबर हेरली, शीर उघडली, आणि आतलं सगळं वितळलेल्या शिशासारखं वाहून गेलं. ज्यांनी गेम खेळलाय त्यांना मी वेगळं काय सांगू, पूर्ण गेमची लढाई हीच आहे! एवढं मोठं धातूचं धूड, त्याच्यावर वरवर बाण मारून काही होत नाही, स्कॅन करायचं, पोटाखालची टाकी किंवा मानेवरचा डबा शोधायचा आणि तिथेच मारायचं. आणि टॉलनेक, तो जिराफासारखा उंच, कायम एकाच गोल वाटेवर फेऱ्या मारत असतो. हे टॅलोस डोक्यात ठेवून केलं असेल नसेल, पण नाव कुठेही न घेता मिथक गेमप्लेमध्ये उतरलंय आणि एक लेखक म्हणून मला नावांपेक्षा याचा हेवा वाटतो.

आता हेडीस. प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, ग्रीकांचा हेडीस सैतान नाही. तो कोणाला मारत नाही, ते काम थॅनाटोसचं, म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूचं. तो पाप करायला लावत नाही. तो फक्त सांभाळतो, एकदा आत आलेलं बाहेर सोडत नाही. आपल्याकडे यमाला धर्मराज म्हणतात त्यामुळे हे आपल्याला पटकन कळतं, ज्यांच्या डोक्यात मृत्यूचा देव म्हणजे शिंगवाला शत्रू असं आहे त्यांचा जास्त गोंधळ होतो. तरी ग्रीक माणसांना तो आवडायचा असंही नाही हां. इलियडच्या नवव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अॅगमेम्नॉन म्हणतो की हेडीस कशानेच वळत नाही, म्हणूनच माणसांना सगळ्या देवांत त्याचा जास्त तिटकारा. लोक त्याचं नाव घ्यायलाही टाळायचे, प्लूटो म्हणायचे. गेममध्ये एक्लिप्स नावाचा पंथ त्याची सेवा करतो ते पण त्याला हेडीस म्हणत नाहीत, गाडलेली सावली अशा अर्थाचं नाव घेतात.

पण गेमने त्याला मुळात कोणतं काम दिलंय ते बघा. गाया पृथ्वी पुन्हा उभारणार, पण पहिल्याच झटक्यात जमेल याची खात्री नाही, हवेचं प्रमाण चुकू शकतं, अन्नसाखळी कोसळू शकते. तसं झालं तर हेडीसकडे ताबा जाणार, तो चुकलेलं सगळं जीवन पुसून टाकणार आणि पाटी कोरी करून ताबा पुन्हा गायाकडे देणार. म्हणजे तो योजनेचा भाग आहे, आवश्यक भाग, ट्रॅव्हिस टेट नावाच्या हॅकरला मुद्दाम त्याच्यासाठी आणलेलं असतं. इथे मला डिमीटर आणि पर्सेफनीची गोष्ट आठवते. हेडीस पर्सेफनीला पळवून नेतो, डिमीटर चिडून धान्य उगवूच देत नाही, जग मरायला लागतं, देवांना नैवेद्य मिळेना, मग तडजोड होते की वर्षाचा एक भाग ती खाली, बाकी वर. डिमीटर आणि हेडीस दोघांनाही जग आळीपाळीने मिळतं आणि त्यावर ऋतू चालतात. सोबेकच्या टीमने हाच करार सगळ्या पृथ्वीच्या मापाने लिहिलाय: एक उगवणार, गरज पडली तर दुसरा मिटवणार, पुन्हा पहिली उगवणार. हे नाव बदलून बघा, हेडीसच्या जागी एरीस टाका, एरीस म्हणजे युद्धाचा देव, लगेच गोष्ट मोडते. कारण एरीसला थांबता येत नाही आणि हेडीसचं सगळं वैशिष्ट्यच हे की तो आपल्या हद्दीत राहतो.

हद्द हाच मुद्दा आहे. इलियडच्या पंधराव्या सर्गात पोसायडन झ्यूसवर भडकून सांगतो की आम्ही तिघं भाऊ, चिठ्ठ्या टाकल्या, मला समुद्र आला, हेडीसला अंधार, झ्यूसला आकाश, पृथ्वी आणि ऑलिंपस सगळ्यांचे सामाईक, तर तू तुझ्या वाट्यात राहा. ग्रीक विश्व वाट्यांवर उभं आहे. देव चांगला की वाईट हे कोणी विचारत नाही, तो वाट्याबाहेर गेला का, एवढंच बघतात. गेममध्ये ३०२० साली कुठून तरी एक सिग्नल येतो आणि उपयंत्रणांना स्वतःची बुद्धी मिळते, गायाशी असलेलं नातं तुटतं. हेडीसला जग पुसायचंय पण जग आता व्यवस्थित चाललंय, पुसायचं कारणच नाही, त्याची पाळी आलेलीच नाही. तरी तो मेरिडियन शहराजवळच्या स्पायर टॉवरवरून फॅरोचे मेलेले रोबॉट जागे करायला निघतो. तर त्याला व्हिलन का केलं याचं माझं उत्तर असं की त्याला दुष्ट केलेलं नाही, त्याला वाट्याबाहेर काढलंय. हेफेस्टसलाही तेच झालंय, फक्त त्याच्या वेडाचा वेग कमी. एक कबूल करते, गेमचं सादरीकरण इथे कथेला साथ देत नाही: लाल प्रकाश, घोगरा आवाज, काळ्या कपड्यातले भक्त, सगळं सैतानाचं नेपथ्य लावलंय, त्यामुळे ज्याने ऑडिओ फाइल्स सोडून दिल्या त्याला तो सैतानच वाटणार. तो दोष लिहिणाऱ्यांचाच धरायला हवा, खेळणाऱ्याचा नाही.

अपोलो. हा भाग खेळताना मला सगळ्यात जास्त लागला. समिना एबादजीने माणसाचं सगळं ज्ञान, इतिहास, साहित्य, विज्ञान, सगळं एकत्र करून ठेवलेलं, नव्याने जन्मणारी मुलं शिकणार म्हणून. आणि सगळं तयार झाल्यावर फॅरो येतो आणि ते पुसून टाकतो, का, तर म्हणे या ज्ञानानेच आपला नाश झाला, नव्या माणसांना निष्पाप राहू दे. आणि ज्यांनी हे सगळं उभारलं त्या टीमलाही खोलीतली हवा काढून मारतो. परिणाम असा की मुलं एल्युथियाच्या पाळणाघरात शिशुवर्गापुरतं शिकतात आणि तशीच बाहेर पडतात, म्हणून एकतिसाव्या शतकात टोळ्या आणि धनुष्यबाण.

सगळे इथे प्रोमिथियस म्हणतात, की फॅरो उलटा प्रोमिथियस, त्याने आग देण्याऐवजी काढून घेतली. बरोबर आहे, पण प्लेटोच्या प्रोटॅगोरसमध्ये याच गोष्टीचा जो अवतार आहे तो जास्त जवळचा आहे. तिथे दोन भाऊ, आधी विचार करणारा प्रोमिथियस आणि नंतर विचार करणारा एपिमिथियस. एपिमिथियस हट्टाने सगळ्या प्राण्यांना गुण वाटायला घेतो, कोणाला नखं, कोणाला वेग, कोणाला जाड कातडी, आणि माणसापर्यंत येईतो पोतडी रिकामी. माणूस उघडा, अनवाणी, निःशस्त्र. मग प्रोमिथियस कोणाच्या घरी चोरी करतो? हेफेस्टस आणि अथीना यांच्या. आग आणि कारागिरी तिथून येते. पण तेवढ्याने भागत नाही, माणसं एकत्र राहायला लागली की एकमेकांना मारायला लागतात, कारण एकत्र राहायची अक्कल झ्यूसकडे असते आणि तिथे प्रोमिथियसला शिरता येत नाही. शेवटी झ्यूसच हर्मिसला पाठवतो, लाज आणि न्यायाची जाण घेऊन, आणि सांगतो की हे काही निवडकांना देऊ नको, सगळ्यांना वाट.

आता गेममधली यादी परत बघा. हेफेस्टस आहे, अथीना आहे (मिनर्व्हा), हर्मिस नाही, झ्यूस नाही. एकत्र राहायची अक्कल कोण देणार होतं? अपोलो, अभ्यासातून. तो गेल्यावर उरतं काय, तर यंत्रं घडवणारी भट्टी आहे आणि माणसं उघडी आहेत. कार्जा या टोळीचा वेडा सूर्यराजा माणसांचे बळी देत होता, टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या, हे सगळं त्या रिकाम्या जागेतून आलंय. फॅरो म्हणजे साक्षात एपिमिथियस, आधी वाटून टाकायचं, नंतर कळायचं, आणि कळल्यावर केलेली दुरुस्ती आणखी भयानक.

फॅरोला दुसऱ्या गेममध्ये जी शिक्षा मिळते ती पण ग्रीक आहे, टिथोनसची. पहाटेची देवी इऑस आपल्या प्रियकरासाठी अमरत्व मागून घेते पण तारुण्य मागायला विसरते, तो म्हातारा होत जातो, होत जातो, मरत नाही, शेवटी हलताही येत नाही, ती त्याला एका खोलीत ठेवून दार लावून घेते आणि आतून फक्त बडबड येत राहते. फॅरोने थीब्जमध्ये अमर व्हायचे उपचार करून घेतलेले, हजार वर्षांनी तो तिथे अजून जिवंत आहे, पण ज्या रूपात आहे ते गेम आपल्याला दाखवतही नाही, बघून आलेल्यांचे चेहरे आणि आवाज फक्त. दार लावून घेतलेलं बरं, हा निर्णय लेखनाच्या दृष्टीने एक नंबर.

आता एल्युथिया, आणि इथून झ्यूसच्या प्रश्नाकडे जाऊ. हे नाव सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. बाळंतपणाची देवी, एलायथिया किंवा एल्युथिया, क्रीटमधली फार जुनी. नॉसोसला सापडलेल्या लिनियर बी लिपीतल्या एका मातीच्या पाटीवर नोंद आहे की अम्निसोसच्या एल्युथियाला एक घडा मध. ओडिसीतही अम्निसोसच्या तिच्या गुहेचा उल्लेख येतो. लक्षात घ्या, बाळंतपणाच्या देवीचं ठाणं गुहेत. गेममधलं एल्युथिया नऊ हे केंद्र डोंगराच्या पोटात आहे, आणि नोरा टोळी त्या डोंगरालाच आई मानते, दारासमोर प्रार्थना करते. तिथेच एके दिवशी एक तान्ही मुलगी सापडते, आई नाही बाप नाही. तीच एलॉय, आपली नायिका.

ती तिथे कशी आली? सिग्नल आल्यावर हेडीस गायाचा ताबा घ्यायला लागतो. गायाकडे वेळ नाही, ती स्वतःचा अणुभट्टीसकट स्फोट करून घेते, पण त्याआधी एल्युथियाला आज्ञा देते की सोबेकच्या जनुकांपासून एक मूल बनव. म्हणजे मूल डोंगराच्या आत लपवून ती मरते.

आता हेसिअडची थिऑगनी, म्हणजे देवांच्या जन्माची कविता. क्रोनस आपली मुलं जन्मली की गिळतोय, हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस, पोसायडन. त्याची बायको रिया सहाव्या वेळी आईबापांकडे धाव घेते. आणि तान्ह्या झ्यूसला घेऊन क्रीटमध्ये डोंगराखालच्या खोल गुहेत लपवतं कोण? गाया. स्वतः गाया. पुढे क्रोनसला गंडवून गिळलेली मुलं बाहेर काढायला लावणारी युक्तीही तिचीच. त्याच्याही आधी बाप युरेनसविरुद्ध क्रोनसच्या हातात विळा देणारी तीच. हेसिअडची गाया म्हणजे शांत बसलेली धरतीमाता वगैरे अजिबात नाही, प्रत्येक पिढीत वरचा माजला की खालून एक मूल पुढे करणारी कारस्थानी बाई आहे ती (हे मी कौतुकाने म्हणतेय).

म्हणून गायाच्या हाताखाली झ्यूस नावाची यंत्रणा नाही असं मी वाचते. झ्यूसची भूमिका यंत्रणेला दिलेलीच नाही, ती त्या मुलीला दिलीये. गुहेत लपवलेलं मूल, दुसऱ्यांनी वाढवलेलं, आपण कोण हे माहीत नसलेलं, मोठं झाल्यावर जगाचा तोल परत आणणारं. दुसऱ्या गेममध्ये, म्हणजे २०२२ च्या फॉरबिडन वेस्टमध्ये, ती काय करत फिरते? पांगलेल्या यंत्रणा एकेक करून परत आणते, पोसायडन बुडालेल्या लास वेगासमधून, मग डिमीटर, ईथर. एका अर्थाने ही तिची भावंडंच, एकाच गायाची. झ्यूस भावंडांना बापाच्या पोटातून बाहेर काढतो, एलॉय भावंडांना आईमध्ये परत नेते, दिशा उलटी आहे पण रचना तीच. आणि सगळ्यात महत्त्वाचा फरक, झ्यूस नंतर राजा होतो, आणि एलॉयला नोरा लोक गुडघे टेकून देवाची निवड म्हणायला लागतात तेव्हा ती वैतागते आणि त्यांना उठवते. गुरिलाच्या लेखकांनी हे असंच ठरवून केलंय असा माझा दावा नाही, पण नाव बदलायची कसोटी इथे लावा, गायाच्या जागी दुसरं कुठलंही नाव टाकून बघा, ही गोष्ट एवढी घट्ट राहत नाही.

काही जण एलॉय म्हणजे आर्टेमिस म्हणतात, धनुष्य आहे, रान आहे, लग्नाबिग्नात रस नाही. दिसायला हो. पण आर्टेमिस अपमान विसरत नाही, एका हरणासाठी अख्खं आरमार ऑलिस बंदरात अडकवून ठेवते, एलॉयला टोळीने वाळीत टाकलं तरी ती मदत करत सुटते. सोडून द्या.

उरला दुसऱ्या भागाचा मुद्दा. फार झेनिथ, म्हणजे ते अब्जाधीश जे पृथ्वी बुडताना यानात बसून सटकले आणि अमर झाले. त्यांच्या यानाचं नाव ओडिसी. हे नाव मुद्दाम चुकीचं ठेवलंय असं मला वाटतं, कारण खऱ्या ओडिसीत कॅलिप्सो ओडिसियसला अमरत्व देऊ करते आणि तो नाही म्हणतो, त्याला मरणारा माणूस म्हणून घरी जायचंय. झेनिथांनी नेमकं उलटं केलं, अमरत्व घेतलं, घर सोडलं, आणि हजार वर्षांनी परत आले ते घरासाठी नाही, गाया चोरून न्यायला. ओडिसियससारखं घरी कोण गेलं? सोबेक. गायाच्या केंद्राचं दार बाहेरून बंद करायला ती एकटी बाहेर पडली, आता मरणार हे माहीत होतं, तर चालत चालत नेवाडातल्या आपल्या आईच्या शेतावर गेली आणि तिथेच मेली. झेनिथ हे ऑलिंपियन देवांचे व्यंगचित्र आहेत, अंगाला शस्त्र लागत नाही, वरून खाली बघतात, माणसं मेली तर मेली.

आणि त्यांच्या मागे येतोय नेमेसिस. ग्रीकांकडे ही देवी, गर्वाचं माप भरलं की हिशोब करणारी. तिचं मोठं देऊळ अॅटिकामध्ये ऱ्हाम्नूसला होतं, मॅरेथॉनपासून जवळच. पॉसेनियस हा प्रवासी लेखक तिथल्या मूर्तीची गोष्ट सांगतो: पर्शियन सैन्य मॅरेथॉनला उतरलं तेव्हा जिंकण्याची इतकी खात्री की विजयस्तंभ करायला पॅरॉस बेटाचा संगमरवर सोबतच आणला होता. हरले. आणि त्याच दगडातून ग्रीकांनी नेमेसिसची मूर्ती घडवली. म्हणजे तुमच्या माजाचं जे सामान तुम्ही घेऊन आलात त्यातूनच ती तयार होते. गेममध्ये नेमेसिस काय आहे? झेनिथांनी स्वतःची मनं डिजिटल करून कायमची जपायचा प्रयोग केला, फसला, कोंडून ठेवला, आणि त्यांच्याच मनांच्या त्या गोळ्याने त्यांची वसाहत संपवली. हेडीस आणि हेफेस्टसला वेडं करणारा तो ३०२० चा सिग्नलही त्यानेच पाठवलेला. हे नाव नुसतं चिकटवलेलं नाही, त्या दगडाच्या गोष्टीशी हाडामासासकट जुळतं.

पण हेसिअडकडून बघितलं तर तो टायफिअसही आहे. झ्यूस जिंकल्यावर येणारा शेवटचा राक्षस, खांद्यांवर सापांची शंभर डोकी, आणि प्रत्येकातून वेगळा आवाज, कधी बैलाचा, कधी सिंहाचा, कधी कुत्र्याच्या पिल्लांचा. अनेक आवाज एकात कोंबलेला शत्रू. इथे सांधा पूर्ण बसत नाही हेही सांगते, कारण टायफिअस गायाचाच मुलगा आणि नेमेसिस परक्यांनी केलेली घाण. झ्यूसने त्याला एकट्याने वज्राने जाळला. तिसऱ्या भागात एलॉय तसं काही करेल असं मला वाटत नाही, तिच्याकडे वज्र नाहीये. तिच्याकडे गाया आहे, परत आणलेली भावंडं आहेत, आणि शस्त्रं घडवू शकणारा एकमेव हेफेस्टस दुसऱ्या भागाच्या शेवटी पुन्हा निसटलाय, त्याला आधी पकडावा लागेल.